कोठावदे साहेबांचा पहिला जॉब

कोठावदे साहेबांसमोर ‘बरंय’ म्हणायची सोय नव्हती. सकाळी जिन्यात भेटले, ‘काय, कसं काय?’ म्हणाले, की आपण सवयीनं ‘बरंय’ म्हणून पुढे सटकायला बघतो. ते सटकू देत नसत. “बरं म्हणजे किती?” असं विचारून पायरीवर तसेच उभे राहायचे. थट्टा नव्हे, त्यांना खरोखर आकडा हवा असायचा. खालच्या मजल्यावरच्या भामरे बाई एकदा गुडघा दुखतो म्हणाल्या, तर काल किती दुखला आणि आज किती, हे रोज दहापैकी मार्क देऊन वहीत लिहा असं त्यांनी सुचवलं. बाईंनी चार दिवस लिहिलं. पाचव्या दिवसापासून साहेब फिरून वर जाईपर्यंत त्या दारच उघडेनाशा झाल्या.

साहेब आता नाशकात नाहीत, पुण्याला मुलीकडे असतात. पण अजूनही कुणी मला ‘कसं काय’ विचारलं की ‘बरंय’ तोंडातून निघायला अर्धा सेकंद उशीर होतो. एवढी दहशत.

अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. बाकीच्यांनी यंत्रावर वस्तू करायच्या आणि यांनी त्या मोजून सांगायचं, पास की नापास. ‘वाटणं वेगळं, मोजणं वेगळं’ हे त्यांचं वाक्य, आणि ते दिवसातून चार वेळा तरी ऐकावं लागायचं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि लोक जिथं पेन लावतात त्या खिशात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं ते स्टीलचं अवजार. निवृत्त झाले तरी व्हर्नियर काही सुटला नाही. द्राक्षांच्या दिवसांत हायवेला टोपल्या घेऊन बायका बसतात, तिथं एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. बाई म्हणाली, “एक्स्पोर्टचा माल हाय साहेब, डोळं झाकून घ्या.” डोळे झाकणं हा प्रकार त्यांच्यात नव्हताच. त्यांनी एक मणी व्हर्नियरमध्ये धरला आणि सांगितलं, सोळा मिलिमीटर भरतोय, अठरा पाहिजे. बाईनं मग तिकडं परदेशातच जाऊन खा म्हणून सुनावलं. साहेबांनी द्राक्षं घेतली. पण सोळाची म्हणून घेतली, अठराची म्हणून नाही, आणि हे त्यांनी तिला दोनदा बजावलं.

कारखान्यात नापास मालाला लाल कार्ड बांधायची पद्धत होती. निवृत्त होताना साहेबांनी रीतसर अर्ज केला आणि लेखी परवानगीनं कोऱ्या लाल कार्डांचा एक गठ्ठा घरी आणला. दुसऱ्या कुणी शाल-श्रीफळावर समाधान मानलं असतं. निरोपाच्या कार्यक्रमात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी आठवडाभर तपासलं, ते दिवसाला चार सेकंद पुढे जातं असा निष्कर्ष काढला आणि त्याला पहिलं कार्ड बांधलं. घड्याळ त्यांच्या हॉलमध्ये कार्डासकट लटकत असे. नवा पाहुणा आला की त्याला ती काहीतरी पूजेची खूण वाटायची.

कुमुदकाकूंबद्दल, म्हणजे त्यांच्या पत्नीबद्दल, सोसायटीतल्या बायकांना फार वाईट वाटायचं. काकूंना स्वतःला वाटत नसे. त्या म्हणायच्या, लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्या आमटीला हे एकदाही छान म्हणाले नाहीत; पण बिघडलेल्या आमटीला चांगली आहे असंही कधी म्हणाले नाहीत. यातलं दुसरं वाक्य त्या जरा ताठ मानेनं म्हणायच्या.

आता माझ्याबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं ज्या बोल्टमुळे घडलं, तो माझ्या गाडीचा होता. मी आहेर, भाजीपाल्याचं बियाणं विकतो. आज सिन्नर, उद्या निफाड, परवा दिंडोरी. माझी मोटारसायकल म्हणजे माझं ऑफिस. एका रविवारी पाथर्डी फाट्याच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी ती पुसत होतो आणि पुसून झाल्यावर मूर्खासारखी सुरू करून बघितली. साहेब जिन्यातच थबकले. कान दिला. म्हणाले, सायलेन्सर जिथं इंजिनला जोडतात तिथून हवा निसटतेय, फट् फट् ऐकू येतंय बघा. मला काही ऐकू येत नव्हतं, पण त्यांना ऐकू येतंय म्हटल्यावर मलाही यायला लागलं.

तिथं दोन बोल्ट असतात. ते शेवटचे कुणी कसले, असा प्रश्न आला. मी म्हटलं, फाट्यावरच्या सलीम मेकॅनिकनं. किती कसले? मी म्हटलं, हातानं कसले साहेब, चांगले कसले. ‘चांगले’ हा शब्द मी त्यांच्यासमोर वापरायला नको होता. साहेब वर गेले आणि एका लांबट पेटीतून त्यांचा खास पाना घेऊन आले. या पान्यावर किती जोर लावायचा ते आधी ठरवून ठेवतात. तेवढा जोर आला की पाना ‘टक्’ असा आवाज करतो आणि माणसानं थांबायचं असतं. त्यांनी मोबाईलवर आकडा शोधला, पाना लावला, चष्मा सारखा केला आणि अगदी सावकाश फिरवायला लागले. आम्ही दोघं ‘टक्’ व्हायची वाट बघत होतो. झालंही टक्. फक्त ते पान्याचं नव्हतं, बोल्टचं होतं. आतून गंजलेला बोल्ट मुळाशी तुटला होता. त्याचं डोकं साहेबांच्या पायाशी पडलं आणि बाकीचा सगळा इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या भागात, अडकून राहिला.

मी फडकं टाकून आत अडकलेला तुकडा बघायला लागलो. साहेब मात्र खाली वाकले, तुटलेलं डोकं उचललं, मोजलं आणि वर निघून गेले. दुपारी माझ्या दाराखालून एक कागद आत सरकला. वर लिहिलं होतं ‘दोष अहवाल’. खाली घटना, मूळ कारण, जबाबदार व्यक्ती: व. द. कोठावदे. पुन्हा घडू नये म्हणून उपाय: उक्त व्यक्तीनं यापुढे गंजाचा अंदाज मनानं बांधू नये. शेवटी सही, आणि सहीखाली बोल्ट तुटल्याची सकाळची वेळ, मिनिटासकट. आयुष्यात माझं पुष्कळ लोकांनी नुकसान केलंय. त्याचा अहवाल देणारे हे एकटेच.

मी वर जाऊन म्हटलं, साहेब मनाला लावून घेऊ नका, सलीम तुटक्या बोल्टवर नट वेल्ड करतो आणि दहा मिनिटांत ओढून काढतो, उद्या सकाळी नेतो त्याच्याकडे. साहेबांनी मला बसवलं. काकूंनी पाणी आणून दिलं आणि त्या आत न जाता दाराशीच थांबल्या. तेव्हा साहेब जे बोलले ते एरवी कधी बोलले नसते.

“आहेर, एकतीस वर्षं मी दुसऱ्यानं केलेलं मोजलं. लाखो नग माझ्या हातातून गेले. त्यातला एकही मी केलेला नव्हता. ऑपरेटर लोक पाठीमागं म्हणायचे, ह्याला स्वतःला एक होल पाडून दाखवायला सांगा. मला ऐकू यायचं. खरंच होतं ते. हा बोल्ट मी तोडलाय, मीच काढणार. ड्रिलनं मधोमध होल पाडून काढणार. एक जॉब, एक तरी नग, मला माझ्या हातानं पास करायचाय.”

आता यावर काय बोलणार? मी म्हटलं, करा साहेब. मनात म्हटलं, एखादा रविवार जाईल.

चार रविवार गेले. मी बियाण्याची पिशवी मांडीवर घेऊन वडापच्या जीपनं सिन्नरला जायला लागलो. माझी बायको रोज विचारायची, बोल्ट निघाला का? आणि मी नाही म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट शांतता पसरायची. पहिला रविवार तेल मुरवण्यात गेला. मुरवणं म्हणजे दर तासाला चार थेंब, वहीत नोंद करून. दुसरा रविवार सल्ल्यांमध्ये गेला. सेक्रेटरी म्हणाले रॉकेल टाका. भामरे बाई गॅलरीतून म्हणाल्या मेणबत्तीनं तापवा. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ कुठलंसं कोल्ड्रिंक ओतायला सांगून गेले आणि अर्धी बाटली स्वतःच पिऊन गेले. साहेब प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, तुम्ही स्वतः असा किती वेळा काढलाय? त्यावर मंडळी पांगायची. तिसऱ्या रविवारी त्यांनी बोल्टच्या तुटक्या तोंडावर बारीक रेघांची फुली काढली, पुसली, पुन्हा काढली. सहा तास. मी खोटं सांगत नाही, त्या दिवशी आमच्याकडे जेवायला पाहुणे होते, ते येऊन जेवून झोपून चहा घेऊन गेले, तरी हे फुलीच काढत होते.

चौथ्या रविवारी ड्रिल चाललं. साहेबांनी ते नवं विकत आणलं होतं. अर्धी सोसायटी खाली जमली. फुलीच्या मध्यावर पंच मारून खळगा केला, ड्रिलचं टोक त्यात टेकवलं आणि साहेबांनी बटण दाबलं. पहिल्यांदा काळपट चुरा यायला लागला, म्हणजे बोल्टचं पोलाद. सगळे खुशीत. मग हळूहळू चुरा पांढरा आणि चकचकीत यायला लागला. आम्हाला काही कळलं नाही, उलट भामरे बाई म्हणाल्या, आता छान निघतंय. साहेबांचा हात थांबला. बोल्ट पोलादाचा, म्हणजे कडक. भोवतालचं हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. ड्रिल हळूच मऊ बाजूला सरकलं होतं. हे त्यांना पांढरा चुरा दिसताक्षणी कळलं होतं. तरी त्यांनी व्हर्नियर काढला. मोजलं. दुसऱ्या बाजूनं मोजलं.

“बठ्ठं वाया गयं,” ते म्हणाले. म्हणजे सगळं वाया गेलं. सटाण्याचे होते ते, पण त्यांच्या तोंडून अहिराणी मी तेवढी एकदाच ऐकली.

होल सव्वा मिलिमीटर बाजूला गेलं होतं, अर्धं बोल्टमध्ये, अर्धं हेडमध्ये. कुणीतरी म्हणालं, चालतंय हो, एवढ्यानं काय होतंय. साहेबांनी मान वर करून बघितलं नाही. ते जिना चढून वर गेले, खाली आले, आणि माझ्या गाडीच्या हँडलला लाल कार्ड बांधून गेले. कार्डावर लिहिलं होतं: नापास. करणार: व. द. कोठावदे. तपासणार: व. द. कोठावदे. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, म्हणून मी गाडी पुसायला घेतली.

सलीमनं गाडी बघितली आणि हात टेकले. म्हणाला, आता माझ्याच्यानं होणार नाही, नवं हेड टाका, नाहीतर हेड उतरवून देतो, अंबडला सोनवणेंकडे घेऊन जा. हे मी साहेबांना सांगितलं. ते फक्त एवढं म्हणाले, की सोनवणे करेल, त्याच्याइतका हात नाशकात दुसऱ्याचा नाही. मी म्हटलं, मग चला की. ते म्हणाले, तो मला दारात उभं करणार नाही.

तरी आम्ही गेलो. हेड एका पिशवीत, पिशवी साहेबांच्या मांडीवर, आणि रिक्षात त्यांनी मला सगळं सांगितलं. सोनवणे त्यांच्याच कारखान्यात ऑपरेटर होते, नामपूरकडचे. सुपरवायझर व्हायचे होते. त्याच आठवड्यात त्यांचे दोनशे नग तपासणीला आले आणि साहेबांनी सगळे नापास केले. केवढ्यानं? पॉइंट झिरो टू मिलिमीटर. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही एवढा फरक. पास केले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. सोनवणेंची बढती गेली आणि महिनाभरात नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं वर्कशॉप टाकलं. चौदा वर्षं झाली, दोघं रस्त्यात भेटले तरी एक जण फूटपाथ बदलतो. मी विचारलं, मग का नाही पास केले साहेब? ते म्हणाले, मोजलं होतं ना.

वर्कशॉप एका गाळ्यात होतं. एक लेथ, एक मोठं ड्रिल, वर पंखा. सोनवणे साठीचे, आडव्या बांध्याचे, कानावर पेन्सिल. त्यांनी साहेबांना ओळखलं आणि ओळख न दाखवता हेड हातात घेतलं. उजेडाकडे नेलं. खूप वेळ बघितलं.

“हे होल कुणी पाडलं?”

मी तोंड उघडलं होतं, एखाद्या मेकॅनिकचं नाव घ्यायला. साहेब म्हणाले, “मी.”

सोनवणेंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि साहेबांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. चौदा वर्षं ज्या वाक्याची तयारी केली असेल, ते म्हणायची ही वेळ होती. मी दोन पावलं मागंच सरकलो.  पण ते फक्त “बसा” म्हणाले आणि कामाला लागले. उरलेला बोल्ट काढला, वाकडं होल वेल्डिंगनं भरून घेतलं, घासून सपाट केलं, नवं होल पाडलं, आत आटे पाडले. दोन तास. मग हेड फडक्यानं पुसून साहेबांच्या समोर टेबलावर ठेवलं आणि स्वतः दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. गाळा त्यांचा, यंत्र त्यांचं, उपकार त्यांचे, आणि उभे ते. साहेबांनी व्हर्नियर काढून चारी बाजूंनी मोजलं आणि पास म्हणाले. मग होलच्या काठावरून बोट फिरवून म्हणाले, पण काठाला धार राहिलीय. मी कपाळाला हात लावला. सोनवणेंनी हेड उचललं, काठाची धार घासून काढून आणलं आणि पुन्हा हात मागं बांधून उभे राहिले.

निघताना मी सोनवणेंना बाजूला घेऊन माफी मागितली, म्हटलं साहेबांचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका. सोनवणे म्हणाले, “नोकरी सोडल्यापासून माझं काम कुणी तपासलं नाही हो. घेतात आणि जातात. छान झालं म्हणतात. बघत कुणीच नाही.”

साहेबांनी हे ऐकलं असावं, कारण ते दारातून परत फिरले आणि मला होल पाडायला शिकवाल का, असं सरळ विचारून मोकळे झाले. सोनवणे हो म्हणाले. पण एका अटीवर, की तपासणार मी.

त्या दिवसापासून अडुसष्ट वर्षांचे कोठावदे साहेब रोज दुपारी बसनं अंबडला जायला लागले. शिकायचं काय, तर पोलादाच्या चौकोनी प्लेटला बरोबर मध्यावर एक होल. दिवसाला एक प्लेट. होल पाडून झालं की साहेब ती टेबलावर ठेवायचे आणि हात मागं बांधून उभे राहायचे. सोनवणे खुर्चीत बसून, आधी चहा संपवून, मग चष्मा पुसून, मग प्लेट मोजायचे. नापास. का नापास ते सांगायचे नाहीत. साहेबांनी स्वतः मोजून शोधायचं. माझा त्या बाजूला फेरा असला की मी डोकावायचो आणि दर वेळी मला हा सोहळा बघायला मिळायचा. सोनवणे खरंच मोजून नापास करतात की दोनशे नगांचा सूड एकेक प्लेटनं उगवतात, याची मला शंका यायची. एकदा मी साहेबांना तसं बोललो. ते म्हणाले, मी घरी येऊन पुन्हा मोजतो, माणूस एकदाही खोटं बोललेला नाही. आणि हे सांगताना ते इतके खूश होते की मी पुढे विचारलं नाही. संध्याकाळी जिन्यात भेटले की आज किती, असं मीच त्यांना विचारायला लागलो होतो. पॉइंट सात. पॉइंट पाच. पॉइंट चार. होल मध्याकडे सरकत होतं, पण पॉइंट एकच्या आत आल्याशिवाय पास नाही, असं दोघांनी मिळून ठरवलेलं होतं.

असे सात-आठ महिने गेले. मग मुलीनं हट्ट धरला, काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुण्यालाच करायचं ठरलं आणि नाशिकचं घर आवरायचं ठरलं. सामान टेम्पोनं गेलं. जायच्या दिवशी दोघांची सहाची बस होती. साहेब दुपारी नेहमीसारखे अंबडला गेले. काकू म्हणाल्या, जाऊ दे, मी भामरे बाईंबरोबर बॅगा घेऊन स्टँडवर जाते, तू त्यांना तिकडून परस्पर आण.

मी साडेचारला पोचलो तेव्हा प्लेट टेबलावर होती आणि साहेब हात मागं बांधून उभे होते. सोनवणेंनी मला डोळ्यांनीच काहीतरी खुणावलं. त्यांनी त्या दिवशी चहा संपवायची वाट बघितली नाही, चष्मा पुसला नाही, प्लेट उचलली, एका बाजूनं माप लावलं आणि म्हणाले, “पास.”

साहेब हलले नाहीत. मग त्यांनी प्लेट दोन्ही हातांत घेतली, उलटी केली, सुलटी केली. एवढा आनंद मी त्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता, आणि मला सोनवणेंना मिठी मारावीशी वाटली. आणि मग साहेबांचा हात खिशाकडे गेला.

सोनवणे हळूच म्हणाले, “साहेब, राहू द्या ना आज.”

साहेबांनी व्हर्नियर उघडला. एका बाजूनं लावला. दुसऱ्या बाजूनं लावला. पुन्हा पहिल्या बाजूनं. आम्ही दोघं चोरी पकडली गेल्यासारखे उभे होतो.

“पॉइंट दोन आहे,” ते म्हणाले.

“नजर कमी झाली आता माझी,” सोनवणे म्हणाले.

“नजर नाही कमी झाली. तुम्हाला माझी दया आली.” ते रागावलेले नव्हते. “सोनवणे, तुम्ही मला नापास करत होतात म्हणून मी रोज येत होतो.”

 सोनवणे मागं गेले, रॅकमधून एक कोरी प्लेट काढली, फडक्यानं पुसली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी बाह्या नसलेल्या ठिकाणी बाह्या सावरल्या आणि फुली काढायला घेतली. घड्याळात पाच वाजून गेले होते. मी बसून घेतलं. फुली कशी काढतात आणि त्याला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं.

साडेपाचला काकूंचा फोन आला. मागं स्टँडवरची घोषणा ऐकू येत होती. त्यांनी निघालात का असं विचारलं नाही.

“झाला का जॉब पास?” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, सोनवणेंनी पास केला होता.

“मग?”

“साहेबांनी स्वतः मोजलं आणि नापास केला.”

 मला वाटलं, आता चाळीस वर्षांचं सगळं मला एकट्याला ऐकावं लागणार.

“बरं केलं त्यांनी,” त्या म्हणाल्या. “थांब मग, मी साडेसातची तिकिटं काढते.”